दुपारचा गृहपाठ

पिंप्राळ्याच्या प्रेमराजला सगळे मास्तर म्हणत आणि नवखा माणूस हमखास विचारी, कुठल्या शाळेवर? शाळा कसली न काय! मास्तर कुत्री शिकवायचा, तीही लोकांच्या घरी जाऊन. बेल वाजली की घर डोक्यावर घेणारं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारं, पट्टा लावला की मालकालाच फरफटत नेणारं कुत्रं त्याच्या हवाली करायचं. दीड महिन्यात ते पंगतीत बसलेल्या नव्या जावयासारखं वागायला लागायचं. हुकूम इंग्रजीतून, रागावणं मराठीतून आणि लाड अहिराणीतून, अशी त्याची पद्धत होती.

कुत्र्यांवर त्याचा जेवढा भरवसा, तेवढाच माणसांवर अविश्वास. "कुत्रं खोटं बोलत नाही, घरचे बोलतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वरणगावच्या एका घरात सगळ्यांनी देवाशपथ सांगितलं होतं की ताटातलं कुणी देत नाही. मास्तर जेवणाच्या वेळी नुसता कोपऱ्यात उभा राहिला. कुत्रं थेट आजोबांच्या खुर्चीशी जाऊन बसलं आणि आजोबा छताकडे बघायला लागले. आणखी एक गोष्ट तो ऐटीत सांगे. शिकताना कुत्रं शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. नजर किती वर जाते त्यावरून शिकवणारा केवढा आहे ते तो न बघता ओळखायचा. फुशारकी होती, पण खोटी नव्हती.

मंगळवारी आणि शनिवारी तो एसटीनं धुळ्याला जाई. तिथली चार घरं त्याच्याकडे होती, एप्रिलात पाचवं मिळालं. देवपूरच्या पुढं, सोनगीरच्या अंगाला, शेतं एन.ए. करून पाडलेल्या प्लॉटांवरची नवी कॉलनी. ईश्वर तेलगिरणीत सुपरवायझर, त्याची बायको दिपमाला, आई पुष्पाबाई, आणि सव्वा वर्षाची आरू. आरू अजून धड बोलत नव्हती, पण भिंत धरून सगळं घर फिरायची. कुत्रा लॅब्राडोर. नाव टायगर, आणि मिक्सर लावला की पलंगाखाली!

घर सरळसोट होतं. पुढच्या ओट्यावर उभं राहिलं की हॉल, मग बोळ आणि टोकाला मागचं जाळीचं दार, सगळं एका रेषेत दिसायचं. हॉलच्या बाजूला कूलरची खोली, बोळीच्या बाजूला स्वयंपाकघर. मागच्या दाराबाहेर फरशीत जमिनीखालची पाण्याची टाकी, पुरुषभर खोल, वर लोखंडी पत्र्याचं झाकण. नळाला पाणी आठव्या दिवशी, म्हणून तशी टाकी त्या कॉलनीत घरटी होती.

पहिल्या दिवशी मास्तरनं फक्त 'सिट' शिकवलं. हात वर, खाऊ नाकासमोर, बसला की शाब्बास. सतरंजीवर बसलेली आरू तोंडात बोट घालून बघत होती. टायगर बसला की तीही उठून परत धपकन बसायची आणि सगळे हसायचे. जाताना मास्तरनं गृहपाठ दिला. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सराव, तोही फक्त दिपमालानं घ्यायचा. दोन मास्तर झाले की कुत्र्याचं वाटोळं होतं, हे त्यानं दोनदा बजावून सांगितलं.

शनिवारी तो परत गेला तर टायगर 'सिट' नुसतं शिकला नव्हता, पाठ करून बसला होता. मास्तरचा हात सवयीनं सपाट खाली गेला, तर हा पठ्ठ्या फरशीवर आडवा. मास्तर पाणी प्यायला उठला, परत आला, तरी तो हलला नाही. 'डाउन' आणि 'स्टे' शिकवायला अजून पंधरा दिवस होते.

मास्तरच्या कपाळाला आठी पडली. कोण शिकवतं म्हणून त्यानं एकेकाला विचारलं. ईश्वर म्हणाला, मी रात्री आठला घरी येतो, जेवतो आणि झोपतो. दिपमालानं आरूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की 'सिट'च्या पुढं तिला काही येतच नाही. पुष्पाबाई दळणाचे गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "कुत्रं बठ्ठं शिकनं, भो. आते आम्हले शिकाड." कुत्रं सगळं शिकलं, आता आम्हालाच शिकव, या टोमण्यावर सगळे हसले. मास्तर हसला नाही. त्याला वाटलं, नाशिकचा कुणी ट्रेनर चोरून येतो आणि हे लोक आपल्याला वेड्यात काढतात.

हॉलमध्ये ईश्वरनं कॅमेरा बसवला होता. स्वस्तातला, नुसतं चित्र दाखवणारा, आवाज न येणारा. टायगरची झोप बघायची आहे अशी थाप मारून मास्तरनं त्याचं ॲप स्वतःच्या मोबाइलवर टाकून घेतलं आणि परतीच्या एसटीत, पारोळ्याला चहासुद्धा न घेता, चार दिवसांचं सगळं बघून काढलं.

ट्रेनर-बिनर कुणी आलं नव्हतं. रोज दुपारी तीनच्या पुढं, सगळी कॉलनी उन्हानं चिडीचूप असताना, दिपमाला आरूला घेऊन कूलरच्या खोलीत झोपलेली. टायगर हॉलच्या फरशीवर पसरलेला. मग त्याचे कान दोनदा हलायचे. तो उठायचा, बोळीकडे तोंड करायचा आणि बसायचा. कान परत दोनदा. आडवा व्हायचा. मग बारा बारा मिनिटं तसाच, डोळासुद्धा न हलवता. शेवटी डोळे अर्धे मिटून डोकं थोडं खाली, थोडं पुढं करायचा. कुणी थोपटलं की कुत्रं करतं, अगदी तसंच.

कोण थोपटत होतं ते दिसत नव्हतं. बोळ कॅमेऱ्याच्या बाहेर होती. पण टायगरची नजर दिसत होती. ती वर जातच नव्हती. जमिनीपासून दोन, फार तर अडीच फूट. म्हणजे शिकवणारं माणूस खाली बसलेलं. आणि त्या घरात दुपारी न झोपणारं, बोळीत खाली बसून धान्य निवडणारं माणूस एकच होतं.

मास्तरला बरं वाटलं. चोर सापडला की त्याला नेहमी बरं वाटायचं. म्हातारीच्या हाताला गुण आहे, असंही त्यानं मनात कबूल केलं. फक्त एक खटकत होतं. शिकवते तर शिकवते, लपवते कशाला?

मंगळवारी त्यानं कॅमेऱ्याचं तोंड बोळीकडे फिरवून घेतलं. त्या दुपारचं चित्र त्यानं घरी खाटेवर बसून बघितलं. बोळ रिकामी होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गव्हाचं सूप होतं, पुष्पाबाई नव्हत्या. टोकाला जाळीचं दार, त्यापलीकडं ऊन इतकं की बाहेरचं सगळं पांढरंफटक. टायगर बसला, पडला, थांबला. मग उठून कूलरच्या खोलीत गेला आणि आरूचं दुपटं तोंडात धरून घेऊन आला. जाळीच्या दाराशी ठेवलं. डोकं पुढं केलं.

'फेच' मास्तरनं त्याला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरूची उशी. तिसऱ्या दिवशी सोफ्यावरचा लोड. आधी हलकं, मग जड. मास्तर स्वतःही असंच शिकवायचा, आणि म्हणूनच त्याचा संशय आणखी घट्ट झाला. हे कुत्र्याच्या डोक्यातून आलेलं नाही, शिकवणाऱ्याचंच आहे. म्हातारी दाराबाहेर पायरीवर बसत असणार, जाळीआडून. पक्की आहे.

शनिवारी त्यानं सापळा लावला. टायगरला रेघ न ओलांडायला शिकवायचं आहे असं सांगून त्यानं बोळीत जाळीच्या दारापर्यंत कणीक भुरभुरली आणि मंगळवारपर्यंत कुणी पुसायचं नाही, मागचं दार उघडायचं नाही असं बजावलं. पुष्पाबाईंना ते आवडलं नाही. अन्न पायदळी जातं म्हणून त्या पुटपुटल्या, पण बाजूच्या गल्लीतून फिरून जा-ये करत राहिल्या.

मंगळवारी त्यानं गुडघ्यावर बसून बघितलं. टायगरचे पंजे, जाताना आणि येताना. काहीतरी ओढत नेल्याचा रुंद पट्टा. माणसाचं पाऊल एकही नाही. आणि दाराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूनं, कणीक भिजून तिचा गोळा झाला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. त्या फरशीवर सांडलेलं पाणी दोन मिनिटांत वाळायचं. गोळा मात्र ओला होता, आणि गार.

मास्तरनं मान वर करून पुष्पाबाईंच्या हातांकडे बघितलं. हात ओले होते. त्या भांडी घासत होत्या.

गुरुवारी पाण्याचा वार आला. शुक्रवारी ईश्वरचा फोन आला तो चिडलेलाच. मोटर बंद पडली म्हणून टाकीत उतरलो तर तळाशी पाच किलो तांदळाची पिशवी. घरात एकमेकांवर आळ घेणं सुरू होतं, म्हणून त्यानं वैतागून विचारलं की तुमच्या टायगरचा तर प्रताप नाही? मास्तर म्हणाला, शनिवारी आल्यावर बघतो. फोन ठेवून त्यानं गुरुवारचं चित्र लावलं. जाळीचं दार पाण्यासाठी उघडं. टायगर पिशवीचा कोपरा धरून ती उंबऱ्यापार नेतो, उन्हात दिसेनासा होतो आणि रिकाम्या तोंडानं परत येतो.

शुक्रवारच्या चित्रात गव्हाची पिशवी होती. मोठी. टायगर ती ओढताना थांबायचा, धापा टाकायचा, कान दोनदा हलायचे, परत ओढायचा. दाराला आता ईश्वरनं कडी लावली होती. पिशवी दाराशी ठेवून टायगर बसून राहिला.

शनिवारी मास्तरनं ती पिशवी काट्यावर ठेवून बघितली. नऊ किलो. कोपऱ्यावर दातांच्या हलक्या खुणा होत्या, प्लास्टिक कुठं फाटलं नव्हतं. लॅब्राडोरचं तोंड मऊ असतं. तोंडातलं अंडंसुद्धा तो न फोडता आणतो. पिशवी जागेवर ठेवून मास्तर वळला तेव्हा फ्रिजवर चिकटवलेलं आरूचं लसीचं कार्ड त्याच्या समोर आलं. शेवटच्या ओळीत वजन लिहिलं होतं. नऊ किलो.

दुपटं आरूचं. उशी आरूची. तांदूळ टाकीत गेला होता, आणि आता तिच्याच वजनाची पिशवी. मास्तरनं कार्ड परत वाचलं.

मागं पुष्पाबाईंनी आरूला कडेवर उचललं आणि म्हणाल्या, "जड व्हयनी पोर."

त्या एका वाक्यानं मास्तरचा संशय पक्का झाला. पण सांगायचं कुणाला? ईश्वरला? कोणता मुलगा आईबद्दल असलं ऐकून घेईल? दिपमालाला सांगितलं तर घराची होळी होईल, आणि पुरावा काय, तर कुत्र्याची नजर. शिवाय कोण जाणे, तीही सामील असली तर? या घरात त्याचा कुणावरच भरवसा उरला नव्हता. म्हणून त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. त्याच्या हातात होतं तेवढं केलं. कुत्र्याचा स्वभाव लहान पोराच्या घरात ठेवण्यासारखा नाही, महिनाभर मी पिंप्राळ्याला नेतो, म्हणाला. दिपमाला रडली. ईश्वरनं ओळखीची गाडी करून दिली.

पट्टा लावताना पुष्पाबाई जवळ आल्या आणि फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कुत्रं लई जा, भो. पन त्याले कोन शिकाडस, ते ते सांग."

कुत्र्याला कोण शिकवतं, हे हिनंच विचारावं? चोराच्या उलट्या बोंबा! मास्तरनं पट्टा लावून टायगरला बाहेर काढलं. दारातून दिपमालाला मात्र त्यानं धीर दिला. आता काळजीचं कारण नाही वहिनी, कडी-बिडी काढा, मागचं दार उघडं ठेवा, वारं तरी येईल घरात.

पिंप्राळ्याला टायगर सुतासारखा सरळ राहिला. मास्तर रोज दुपारी तीनला मुद्दाम त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. टायगर घोरत असायचा. आठवडा गेला, दुसरा सरत आला. शिकवणारा नाही तर शिष्य काय करणार, असं म्हणत मास्तरनं मोबाइलवरचं ते ॲप काढून टाकलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी दिपमालानं व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशीचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघा मास्तर, टायगरची नक्कल. पाच-सहा दिवस झाले, दुपारी अजिबात त्रास देत नाही. शहाणी झाली पोरगी.'

बोळीत आरू उभी होती. दिपमाला मागून हाका मारत होती, कूलरच्या घरघरीत अर्ध्याच ऐकू येत होत्या. आरूनं वळून बघितलं नाही. ती बसली. मग पोटावर आडवी झाली. मग तशीच राहिली. मास्तर व्हिडिओच्या खालचे आकडे बघत होता. एक मिनिट, दोन, चार. सव्वा वर्षाचं पोर चार मिनिटं डोळा हलवत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

शेवटी तिनं डोळे अर्धे मिटले आणि डोकं थोडं खाली, थोडं पुढं केलं.

मास्तरनं फोन लावला. स्पीकर लावून मोबाइल टेबलावर ठेवला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पायाशी टायगर झोपला होता.

दिपमालानं लगेच उचलला. लाइट गेलीय, म्हणाली, कूलर बंद, आत भट्टी झालीय, म्हणून ओट्यावर येऊन बसलेय.

"आरू कुठंय?"

"बोळीत. इथून दिसतेय मला. झोपलीय पोटावर, तुमच्या टायगरसारखी."

"वहिनी, सासूबाई कुठं आहेत?"

"आई मागं, टाकीपाशी. आज पाणी ना. झाकण काढून ठेवायचं असतं."

मास्तर मोबाइलवर वाकला. "पळा. आधी पोरीला उचला. सासूबाईंच्या हातात देऊ नका. मागं जाऊ देऊ नका तिला."

"काय बोलता मास्तर?" ती हसली. "आजी आहे ती तिची."

आणि मग त्याला ते ऐकू आलं. कूलर बंद होता म्हणूनच आलं असणार. लांबून, लोखंडी पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

टक. टक.

टायगरचे कान दोनदा हलले. तो उठून उभा राहिला.

"उठली बघा," दिपमाला कौतुकानं म्हणाली.

टक. टक.

टायगर मास्तरच्या घराच्या मागच्या दाराकडे चालू लागला.

"चालली आजीकडे. आई झाकण वाजवून बोलावतात वाटतं तिला."

"वहिनी, उचला तिला!"

फोनमध्ये चपला वाजल्या, अगदी जवळ, ओट्याच्या पायरीवर. मग पुष्पाबाईंचा आवाज आला, शेजारणीकडून नुकत्याच परतल्या असाव्यात तसा, साधा.

"माले हाक मारी का? मी ते आठेच शे."

आजी इथंच होती, ओट्यावर. दिपमालाचं हसणं थांबलं. मोबाइल फरशीवर आपटला. पळत जाणारी पावलं दूर गेली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

मास्तर टेबलाशी तसाच उभा होता.

मागच्या दाराशी टायगर बसला होता. त्यानं डोळे अर्धे मिटले, आणि डोकं थोडं खाली, थोडं पुढं केलं.